आइसातूची जात कुठं गेली?

गेल्या पावसाळ्यात एका कॉलेजातल्या चर्चासत्राला गेले होते. कॉलेजचं नाव देत नाही. दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात गेले असते तरी हेच घडलं असतं. विषय होता आफ्रिकेतल्या बायकांच्या कादंबऱ्या. ए.सी. हॉल, मागे फ्लेक्स, पुढे पाण्याच्या बाटल्या, बाहेरून समोश्यांचा वास. एक बाई मारियामा बा या सेनेगलच्या लेखिकेवर चाळीस मिनिटं बोलल्या. चांगलं बोलल्या, खोटं कशाला सांगू. सवत, धर्म, पुरुषी वर्चस्व, भगिनीभाव. भगिनीभाव तर इतक्यांदा आला की मी मोजायचं सोडून दिलं. चाळीस मिनिटांत एक शब्द मात्र आला नाही. दोन अक्षरांचा शब्द आहे. आपल्याला शाळेत जायच्या आधीच शिकवतात तो.

मी उठले. विचारलं, बाई, आइसातूच्या नवऱ्यानं दुसरं लग्न का केलं?

बाईंनी चष्मा काढला. "बहुपत्नीत्वाची प्रथा."

प्रथा तर सगळ्या गावाला होती. ह्यानंच का केलं?

"आईचा दबाव."

आईचा दबाव कशासाठी?

मग बाई जरा तापल्या. म्हणाल्या, "तो तपशील आहे. मूळ प्रश्न बाईचा आहे. तुम्ही लोक जिथं जाल तिथं तेच कसं काय शोधून काढता?"

तुम्ही लोक! दोनचार जण हसले. समोसे आले. चर्चासत्राचा प्रश्न मिटला, माझा मिटला नाही. तुम्ही लोक म्हणाल्यात ना बाई, मग आम्ही लोक हे पुस्तक कसं वाचतो ते ऐका.

दोस्तहो, आधी ही मारियामा बा कोण ते सांगते, कारण आपल्यातल्या फार थोड्यांनी तिचं नाव ऐकलंय. जन्म 1929, डाकार. तेव्हा सेनेगल फ्रेंचांच्या टाचेखाली. आई लहानपणीच गेली, आजी-आजोबांनी वाढवलं. पोरीनं एवढं शिकून काय दिवे लावायचेत, असं त्यांचं मत. बाप हटून बसला म्हणून शाळा झाली. बाप सरकारी नोकरीतला, पुढे आरोग्यमंत्री झाला. म्हणजे घर खात्यापित्या थरातलं, हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे. 1943 साली रुफिस्कच्या मुलींच्या अध्यापन विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत ही सगळ्या फ्रेंच पश्चिम आफ्रिकेत पहिली आली. मास्तरीण झाली, बारा वर्षं शिकवलं. नऊ पोरं, घटस्फोट, बायकांच्या संघटनांचं काम. आणि पन्नाशीला टेकल्यावर, 1979 साली, पहिली कादंबरी, फ्रेंचमध्ये. मराठीत तिचं नाव सांगायचं तर 'इतकं लांब पत्र'. 1980 साली आफ्रिकेत छापल्या गेलेल्या पुस्तकांसाठी नोमा पुरस्कार सुरू झाला, त्याचा पहिला मान हिला. पुढच्याच वर्षी बाई गेली. दुसरी कादंबरी छापून आली तेव्हा ती नव्हती. दोन कादंबऱ्या, दोनतीन वर्षांचं लेखिकापण, आणि त्यावर आज जगभरच्या विद्यापीठांत पीएच.ड्यांचा कारखाना चालू आहे.

आता गोष्ट.

रामातूलाय नावाची पन्नाशीची मास्तरीण. नवरा मोदू हार्ट ॲटॅकनं मेलेला. इस्लामी रिवाजाप्रमाणे चार महिने दहा दिवस घरात बसून सुतक पाळायचं. त्या बसल्या काळात ती आपल्या जिवाभावाच्या मैत्रिणीला, आइसातूला, पत्र लिहिते. ते पत्र म्हणजेच कादंबरी. पत्रात दोघींच्या दोन कहाण्या.

रामातूलायची कहाणी अशी. पंचवीस वर्षांचा संसार, बारा मुलं. आणि एक दिवस मोदूनं आपल्याच पोरीच्या वर्गमैत्रिणीशी लग्न लावलं. बायकोला सांगायला स्वतः आलाही नाही, भावाला नि दोस्ताला पाठवलं. रामातूलाय रडली, कढली, पण घटस्फोट घेतला नाही. तो निघून गेला आणि ही बारा पोरं सांभाळत राहिली.

आइसातूची कहाणी वेगळी. ती तेगांची पोर. तेग म्हणजे धातू ठोकणारे. आपल्याकडचा पेढीवर बसलेला सोनार डोळ्यापुढे आणू नका. तिथं लोखंड तापवणारा आणि सोन्याचा दागिना घडवणारा एकाच खालच्या जातीत मोजला जातो. तिच्या बापाचा धंदा दागिने घडवायचा. तिचं लग्न झालं मावदोशी. मावदो डॉक्टर. त्याची आई सीनच्या राजघराण्यातली. राज्य कधीच गेलेलं, पण रक्ताचा माज शिल्लक. प्रेमविवाह. लग्न ठरलं तेव्हाच गावानं तोंड वाकडं केलं होतं की अशा घरची पोर केली की घरात पैसा टिकत नाही. आलं ना ओळखीचं काही कानावर? अपशकुनी, अवदसा, पांढऱ्या पायाची. सगळ्या जगातल्या वरच्या जातींची म्हणींची वही एकाच दुकानातून घेतलेली दिसते.

मावदोची आई म्हणजे नाबू आत्या. म्हातारी गप्प बसली. आदळआपट नाही, शिवीगाळ नाही. वर्षानुवर्षं गप्प. मग एक दिवस उठली, आपल्या माहेरी, सीनमधल्या जाखाओला गेली. भावाकडे गेली आणि त्याची एक लहान पोरगी मागून आणली. तिचंही नाव नाबूच. म्हणाली, माझ्या म्हातारपणाला सोबत दे. डाकारला आणून त्या पोरीला वाढवलं, घडवलं, शिकवलं, सुईण केलं. रोज राजघराण्याच्या गोष्टी सांगितल्या. पोरगी तयार झाली तशी लेकाच्या पुढ्यात उभी केली: ही तुझ्या मामाची पोरगी, भावानं मला दिली, आता तू कर. नाही केलंस तर ह्या अपमानानं मी मरेन.

मामाची पोरगी! आपल्या मराठी मुलखात हे कुणाला समजावून सांगायला नको. रक्त घरातल्या घरात ठेवायची ही युक्ती आपल्या आजीलाही ठाऊक होती.

मावदोनं लग्न केलं. आइसातूनं एक चिठ्ठी लिहिली आणि चार पोरं घेऊन घर सोडलं. पुढे पुस्तकांच्या जोरावर शिकली, फ्रान्समध्ये जाऊन दुभाषी झाली, अमेरिकेतल्या सेनेगलच्या वकिलातीत नोकरीला लागली. त्या चिठ्ठीत तिनं नुसतं सवतीबद्दल लिहिलेलं नाही. समाजाची जी वरखाली रचना आहे, माणसामाणसांत जे मूर्ख तट पाडलेत, त्याच्यापुढे मी मान तुकवणार नाही, असा तिचा रोख आहे. तिनं नेमकं बोट ठेवलंय. पन्नास वर्षं होत आली तरी आमच्या विदुषींना ते बोट दिसत नाही.

आता माझा मुद्दा. ह्या दोन सवती एक नाहीत. अजिबात नाहीत. रामातूलायची सवत बिनेतू, ती आली मोदूच्या वासनेतून आणि पैशातून. गरीब घरची पोर, आईनं गळ्यात पडून तयार केली, गाडी घेतली, घर घेतलं, पोरीच्या आईबापांना मक्केची वारी. हा बाजार आहे. वर्गाचा बाजार. आइसातूची सवत कशातून आली? मावदोला दुसरी बाई नकोच होती. त्याचं आइसातूवर प्रेम होतं, लग्नानंतरही आहे म्हणून सांगत फिरत होता. धाकटी नाबू आली ती जातीच्या दुरुस्तीसाठी. वंशात जे भगदाड पडलं होतं ते बुजवायला. आइसातूची चारही पोरं म्हातारीच्या लेखी नातवंडं नव्हती. रक्तात भेसळ होती. खरे वारस पाहिजे होते, म्हणून खरी सून आणली.

आणि तुम्ही दोन्हींवर एकच चिठ्ठी डकवता, बहुपत्नीत्व! कॉलरा आणि क्षय, दोन्हींना ताप म्हणणारा डॉक्टर आपण दवाखान्यात टिकू देऊ का?

बाबासाहेबांनी 1916 साली न्यूयॉर्कला, कोलंबिया विद्यापीठात, जातीवरचा पहिला निबंध वाचला. पंचवीस वर्षांचं वय. त्यात त्यांनी जातीची नाडी पकडली ती बायकांच्या अंगानं. जात म्हणजे बंद दार, आपल्यातच लग्न. ते दार बंद ठेवायचं तर बाई आणि पुरुष यांचा हिशेब जुळवावा लागतो. जास्तीच्या बाईचं करायचं काय? तिला जाळा, नाहीतर विधवा म्हणून कोंडा. जास्तीच्या पुरुषाला अजून वयात न आलेली पोरगी द्या. सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह ही सगळी दाराची कुलुपं. त्या निबंधात सेनेगल नाही. पण तो निबंध ज्यानं वाचलाय त्याला नाबू आत्या बघितल्याबरोबर कळते. सीनच्या म्हातारीनं आणखी एक कुलूप शोधलं, दुसरी बायको. दार फोडून एक बाहेरची आत आलीच, तर तिला हाकलायची गरज नाही, मारायची गरज नाही. शेजारी आपल्या रक्ताची आणून बसवा. पहिली आपोआप मोडीत.

हे वाचायला बाबासाहेब लागतात, बाई. फ्रेंच थिअरी पुरत नाही.

मावदोकडे जरा नीट बघा, कारण मला खरी चीड त्याची आहे, म्हातारीची नाही. म्हातारी तरी आपल्या विश्वासाशी इमान राखून होती. मावदो कोण? शिकलेला, डॉक्टर, स्वातंत्र्याच्या पिढीतला. त्या सगळ्या कंपूनं नव्या आफ्रिकेची स्वप्नं बघितली होती. संघटना, भाषणं, चर्चा, रात्ररात्र. ह्यानं जात तोडून लग्न केलं. टाळ्या घेतल्या. आणि आईनं डोळे वटारल्याबरोबर काय म्हणाला? आई म्हातारी आहे, मी नाही म्हटलं तर ती जाईल, मी फक्त कर्तव्य म्हणून करतोय. मग कर्तव्य करता करता धाकट्या नाबूला पोरं होत गेली. रामातूलायनं झापलं तर देहाची गरज सांगत बसला.

"आई मरेल." हे वाक्य मी डाकारमध्ये नाही ऐकलं. माझ्या एका मैत्रिणीच्या तोंडून ऐकलं. दादरच्या पुलावर, संध्याकाळी साडेसातची गर्दी, ती कठड्याला टेकलेली. सहा वर्षं एकत्र. मोर्चात एकत्र, पथनाट्यात एकत्र, फुले-आंबेडकरांचे उतारे ह्याला तोंडपाठ. आडनाव असं की कुठल्याही सोसायटीत फ्लॅट मिळेल. लग्नाचं निघालं तर म्हणाला, मला काही नाही गं, पण आईला बीपी आहे. बीपी! च्यायला, ह्या देशातल्या वरच्या जातीच्या आयांचं बीपी आमच्या पोरींच्या नावानं चढतं आणि गोतातल्या स्थळानं उतरतं. पुढच्या मे महिन्यात त्याचं लग्न झालं. आई ठणठणीत आहे. गेल्या दिवाळीत केदारनाथ करून आली म्हणे.

आणि आपल्या पोरांनी इथं दात काढू नयेत. वस्तीतल्या वस्तीत आपल्याहून खालच्या समजल्या जाणाऱ्या घरची पोर आणायची म्हटली की आपल्याही आया आजारी पडतात. स्टेजवर पोटजात मोडलेली असते, पत्रिकेवर ती पुन्हा उभी राहते. मावदो सगळीकडे आहे. फक्त वरच्या मजल्यावर नाही.

आता कुणी म्हणेल, आफ्रिकेत कसली जात? काळे सगळे काळे. मलाही असंच वाटायचं. आमच्या आधीच्या पिढीनं आफ्रिकन साहित्य डोक्यावर घेतलं, निग्रो कवितेशी दलित कवितेचं नातं सांगितलं, आणि ते बरोबरच केलं. गोऱ्यांच्या सत्तेपुढे ती कविता छाती काढून उभी राहिली होती. पण एक गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नाही. सेनेगलचा पहिला राष्ट्राध्यक्ष सेंघोर, हा नेग्रिट्यूडचा महाकवी. 1960 ते 1980, वीस वर्षं राज्य केलं. 1966 साली डाकारला साऱ्या जगातल्या काळ्या कलांचा महोत्सव भरवला. आफ्रिका म्हणजे लय, आफ्रिका म्हणजे माता, आफ्रिका म्हणजे सामूहिक जीवन. आणि त्याच डाकारमध्ये, त्याच वर्षी, लोहाराची पोर सून म्हणून घरात घ्यायला गेर तयार नव्हते.

गेर म्हणजे वोलोफ समाजातले वरचे. त्यांच्या खाली न्येन्यो, हातानं नाहीतर गळ्यानं पोट भरणारे. लोहार-सोनार, चांभार, विणकर, आणि ग्रिओ, म्हणजे राजांची वंशावळ गाणारे, ढोल वाजवणारे. त्याच्याही पलीकडे जाम, गुलामांची वंशज. सेरेर, तुकुलर, शेजारपाजारच्या इतर समाजांतही कमीजास्त अशीच उतरंड. लग्न आपल्यातच, धंदा बापाचाच. नव्वद टक्क्यांहून जास्त लोक मुसलमान. मशिदीत खांद्याला खांदा लावून उभे राहतील. नमाज झाली की सोयरीक मात्र जात बघून. आपल्याकडच्या मुसलमान-ख्रिस्ती दलितांना विचारा, देव बदलला की काय काय बदलतं नि काय काय नाही.

आपल्यासारखंच आहे का सगळं? नाही. पाण्याचा विटाळ तिथं आपल्यासारखा नाही, गावकुसाबाहेर हाकललेला महारवाडा नाही, मनुस्मृतीसारखा ग्रंथ नाही. फरक लपवायचं कारण नाही, आपल्याला खोट्या नात्याची गरजच नाही. पण हे ऐका. ग्रिओ मेला तर त्याला मातीत पुरायचे नाहीत. का? तर त्याच्या देहानं जमीन बाटेल, पाऊस पडणार नाही, पीक करपेल. मग प्रेत कुठं? गोरखचिंचेच्या पोकळ खोडात. ते प्रचंड जुनं झाड, आतून पोखरलेलं, त्यात ग्रिओंची हाडं. विसाव्या शतकातही हे चालू होतं. जन्मभर ज्यांनी तुमच्या बापजाद्यांची नावं गाऊन अमर केली, त्यांना तुमच्या मातीत सहा फूट जागा नाही. ज्या देशात आजही स्मशानाच्या वाटेवर दलिताची तिरडी अडवतात, त्या देशातल्या माणसाला ह्या झाडाचा अर्थ विचारू नका.

मारियामा बानं नेग्रिट्यूडच्या ह्या आरतीला नकार दिला, ही तिची मोठी कमाई. शेवटच्या दिवसांत लिहिलेल्या एका निबंधात तिनं सरळ म्हटलं की आफ्रिकन मातेची गोडगोड स्तोत्रं आता पुरे, ती गाणाऱ्यांना खरी बाई दिसतच नाही. त्या महाकवीच्या देशात हे म्हणायला छाती लागते. तिच्या कादंबरीत गोरा साहेब खलनायक नाही. खलनायक घरात आहे, आपल्याच लोकांत आहे. परक्याविरुद्ध लढताना घरातली घाण झाकायची, हा जो राष्ट्रीय रिवाज आहे तो तिनं मोडला.

पण मी भक्त नाही. आता तिच्यावरही बोलते.

रामातूलायच्या पत्रात एक जागा आहे, तिथं मी पुस्तक मिटून ठेवलं. ती आइसातूच्या बापाच्या भट्टीबद्दल लिहिते. सोन्याचं पाणी, ज्वाळा, जुनं कसब. मग म्हणते, आता खालच्या धंद्यातली पोरं शाळेत जायला लागली, सगळ्यांना कारकून व्हायचंय. भट्ट्या ओस पडतायत, चांभाराची दुकानं ओस पडतायत. ह्याचा आपण खरंच आनंद मानायचा का? हाताच्या कामाचा एक अस्सल वर्ग नाहीसा होत नाहीये का?

वा! मास्तरीणबाई, तुमचा बाप भट्टीवर बसला होता का? तुमची बारा पोरं कुठं शिकली? त्यातल्या एकाला तरी चांभाराच्या दुकानात उमेदवारीला बसवलंत का? तुमच्या पोरांनी पदवी घेतली की प्रगती, आणि लोहाराच्या पोरानं पेन धरलं की संस्कृतीचा ऱ्हास. हे गाणं आम्ही ऐकलंय. आम्हाला ते खादीच्या कपड्यात ऐकवलं गेलं: बापाचा धंदा सोडू नका, त्यात फार मोठी सेवा आहे, मैला वाहणारा देवाच्या जवळ असतो. देवाच्या जवळची जागा ह्यांनी स्वतःसाठी कधी मागितली नाही.

बरं, हे पत्र वाचतंय कोण? आइसातू! तेगाचीच पोर. जी शाळेत गेली म्हणून वाचली, तिलाच ही मैत्रीण लिहिते की शाळेनं भट्टी विझवली. आइसातू बापाचं कसब घेऊन बसली असती, तर मावदोनं टाकल्यावर चार पोरं घेऊन कुठं गेली असती? ती पुस्तकांनी सुटली, भट्टीनं नाही.

ही लेखिकेची खोट की पात्राची? मी खूप विचार केला. मला वाटतं मारियामा बाला रामातूलायची कुंपणं थोडी दिसत होती, पूर्ण नाही. बाप मंत्री असलेल्या घरातून जेवढं दिसतं तेवढं तिला दिसलं. त्यातही तिनं आइसातू उभी केली, हे मोठंच. पण कादंबरीत बोलतं कोण बघा. शंभरेक पानं रामातूलाय बोलते. आइसातूच्या वाट्याला ती एक चिठ्ठी, तीही रामातूलायनं आठवून लिहिलेली. आणि तिसरी एक आहे, फार्माता. शेजारची ग्रिओ बाई. कवड्या टाकून भविष्य सांगते, सगळ्या गल्लीच्या बातम्या आणते, रामातूलायच्या चिठ्ठ्या पोचवते, पोरीला दिवस गेलेत हे आईच्या आधी ओळखते. तिला कादंबरीत काय जागा? तोंडाळ, पैशाची लोभी, भोचक पण प्रेमळ. आपल्या मराठी कादंबरीतली मोलकरीण आठवा, शंभरातल्या नव्वद वेळा हेच. फार्माताला घर आहे का, नवरा आहे का, तिच्या घरातल्या मेलेल्या माणसांना कुठं पुरलं, रामातूलायनं कधी विचारलं नाही. भगिनीभावाची सतरंजी फार्मातापर्यंत पोचता पोचता संपते.

त्यात आणखी एक गंमत. पुस्तक फ्रेंचमध्ये. साहेबाची भाषा, तिच्यातच शाळा झाली, दुसरा इलाज नव्हता, मी दोष देत नाही. आपणही इंग्रजी वाघिणीच्या दुधासारखी प्यायलो. पण फार्माताच्या भाषेत, वोलोफमध्ये, हे पुस्तक आलं 2007 साली. मामे युनूस दियेंग आणि आराम फाल ह्या दोन बायकांनी केलं. तोवर जगातल्या कितीतरी भाषांत फिरून आलं होतं. जिच्यावर लिहिलं तिच्या कानाला ते अठ्ठावीस वर्षांनी ऐकू आलं.

आणि वारसा म्हणून आज काय उरलंय? डाकारसमोरच्या गोरे बेटावर, जिथून गुलाम जहाजात भरल्याची आठवण जपलीय, तिथं मुलींची निवासी शाळा आहे, तिला मारियामा बाचं नाव आहे. हुशार पोरी निवडून घेतात. चांगलंय. अभ्यासक्रमात पुस्तक आहे. चांगलंय. पण परीक्षेत प्रश्न काय येतो? आपल्या इथल्या विद्यापीठांतल्या प्रश्नपत्रिका तर मी बघितल्यात. 'रामातूलाय आणि आइसातू यांची बहुपत्नीत्वावरील प्रतिक्रिया, तुलना करा.' एक राहिली, एक गेली. एक परंपरा, एक आधुनिकता. मार्क दहा. जणू दोघींपुढे एकच प्रश्न होता आणि एकीनं उत्तर अ लिहिलं, दुसरीनं ब! रामातूलाय राहू शकली, कारण राहिली असती तरी ती मोठ्या घरचीच राहणार होती. पहिली बायको, मानाची. आइसातू राहिली असती तर काय म्हणून? राजाच्या घरात चुकून शिरलेली लोहारीण म्हणून. तिच्यापुढे राहण्याचा पर्यायच नव्हता, बाई. तिनं आधुनिकता निवडली नाही, इज्जत निवडली.

सेनेगलनं 1972 मध्ये कौटुंबिक कायदा केला. लग्नाच्या वेळी पुरुषानं एक बायको की अनेक, हे लिहून द्यायचं. कायद्यावर रग्गड चर्चा झाली, आजही होते. मोदूला त्या कागदावर थोडंफार पकडता येईल. नाबू आत्याला कुठल्या कलमात पकडणार? ती काहीच करत नाही. फक्त माहेरी जाते आणि भाची घेऊन येते.

एक खरा धागा मात्र जुळला होता, आणि तो चर्चासत्रात नाही, रस्त्यावर. 2001 साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली. आपली माणसं तिथं गेली, ढोल घेऊन, फलक घेऊन. जातीचा उल्लेख ठरावात करा म्हणाली. भारत सरकारनं जंग जंग पछाडलं: जात म्हणजे वंश नाही, आमचा घरचा मामला आहे. घरचा मामला! नाबू आत्याही हेच म्हणाली असती. पुढच्याच वर्षी, 2002 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीनं सांगितलं की जन्मावरून, कुळावरून होणारा भेदभाव, जातीसकट, ह्या कराराखाली येतो. तेव्हापासून 'काम आणि कुळ' ह्या नावाखाली आपल्या बरोबरीनं पश्चिम आफ्रिकेतल्या जातींचीही नोंद व्हायला लागली. दलित आणि न्येन्यो एका कागदावर. मारियामा बा जिवंत असती तर त्र्याहत्तर वर्षांची असती. तिनं ते कागद वाचले असते तर भट्टीचा तो उतारा पुन्हा लिहिला असता का? मला विचारायला आवडलं असतं.

आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतील, ही मध्यमवर्गीय मास्तरणींची रडगाणी, आपल्याला काय त्याचं? भंकस बंद करा. तुमच्या बहिणी, मैत्रिणी, बायका ह्या पुस्तकात आहेत. दादरच्या पुलावरची ती आहे. ह्या बाईनं 1979 साली, पन्नाशीला टेकल्यावर, जातीनं मोडलेला एक संसार कागदावर आणला आणि मोडणाऱ्याच्या हातात विळा-कोयता न देता आईची माया दिली. जात आपल्या घरात अशीच येते. दंगल घेऊन कमी वेळा येते, डोळ्यात पाणी घेऊन जास्त वेळा येते. हे ज्यानं ओळखलं तो लेखक आपला. त्याचं जिथं चुकलं तिथं कान धरायचा, पण पुस्तक त्यांच्या हाती सोडायचं नाही.

शेवटचं पान सांगते. सुतक संपत आलंय. आइसातू अमेरिकेहून येणार आहे, उद्याच. रामातूलाय मनाशी चित्र रंगवते. ही आता सुटाबुटात येईल का? टेबल मागेल, खुर्ची मागेल, काटा-चमचा मागेल. पण मी ऐकणार नाही, चटई अंथरीन, मधे वाफाळता मोठा कटोरा ठेवीन, त्यात सगळ्यांचे हात पडतील आणि तुलाही हात घालावा लागेल.

प्रेमानं लिहिलंय. मी दोनदा वाचलं. एका कटोऱ्यात हात घालायला तिथं कुणाची ना नाही, तेगाची पोर असली तरी. सहभोजन रोज चालतं. मावदोही रोज आइसातूच्या हातचं जेवत होता, चार पोरं होईपर्यंत.

माझ्याकडे इंग्रजी प्रत आहे, एकच, मोदुपे बोदे-थॉमस ह्या बाईनं केलेली. पानं सुटलीत, खाकी कव्हर घातलंय. ज्याला पाहिजे त्यानं रविवारी वाचनालयात यावं. दोनदोन पानं मोठ्यानं वाचू, मराठीत सांगत सांगत. भट्टीच्या उताऱ्याला मी वाचणार नाही, लोहारआळीतल्या कुणीतरी वाचा.